झुमका विकायची घाई नको, आधी बांबू वाळवा



बांबूच्या दागिन्यांच्या व्हिडिओत आपण कामटी कापण्यापासून हुक लावण्यापर्यंतचं सगळं काम बघितलं. बघायला सोपं वाटलं ना? तिथेच माझी चूक झाली. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून मी तयार वाळलेला बांबू घेऊन बसले आणि थेट करवत चालवली. तो बांबू तयार कसा झाला, त्याला किती दिवस लागले, हे सांगायचं राहूनच गेलं. आज तेच सांगणार आहे, कारण चंद्रपूर-गडचिरोलीत हा धंदा बसतो तो डिझाइन वाईट असल्यामुळे क्वचितच. तो बसतो दोन गोष्टींमुळे: कच्चा बांबू आणि न धरलेली मजुरी.

माझाच अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका बचत गटाला तीन दिवस शिकवलं. ताई हुशार होत्या, हात चांगला होता. चौथ्या दिवशी मीच म्हणाले, "चला, पुढच्या आठवड्यात नागपुरात प्रदर्शन आहे, लावा स्टॉल." माल चांगला विकला गेला. आम्ही पेढे वाटले. दोन महिन्यांनी एका गिऱ्हाईक बाईंनी फोटो पाठवला. डबीत कानातलं, आणि त्याच्याखाली पिवळसर पिठाचा छोटा ढीग. बांबूला भुंगा लागला होता. मग दुसरा फोटो आला, तिसरा आला. ज्या दुकानदाराने शंभर जोड घ्यायचं कबूल केलं होतं, त्याने फोन उचलणं बंद केलं. गटातल्या ताई मला काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पुन्हा बांबूला हात लावला नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. घाई मी केली होती.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लगेच विकायला बसू नका. पहिला माल बाजारात न्यायला एक पूर्ण हंगाम जाऊ द्या. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण ऐका.

बांबू आपला आहे, मग दामही आपणच ठरवू

आपल्या भागात बांबूची कमी नाही. पण हा बांबू दशकानुदशके बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे गेला. तिथे त्याचा लगदा होतो, आणि लगद्याला दाम किती मिळणार? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी आपला बांबू आपण विकायचा, वाहतूक परवाना ग्रामसभेने द्यायचा, हे प्रत्यक्षात यायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्या हक्कासाठी लोकांनी वर्षानुवर्षं चिकाटी धरली. असा बांबू हातात असताना आपण त्याचं कानातलं करून साठ रुपयांना विकत असू, तर थोडं थांबून विचार करायला पाहिजे.

शिकायची सोयही जवळ झाली. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४ मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथली मुख्य इमारत आगीत जळाली, हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. पण तोवर दागिने, राख्या, शोभेच्या वस्तू करणारे हात तयार झाले होते. चंद्रपूरच्याच मीनाक्षी वाळके यांचं नाव बांबूच्या राख्यांमुळे महाराष्ट्राबाहेरही गेलं. म्हणजे माल विकला जातो, यात शंका नाही. प्रश्न इतकाच की तो गिऱ्हाइकाच्या घरी टिकतो का, आणि करणारीच्या हातात काही उरतं का.

१. बांबू निवडताना

आपल्याकडे मुख्यतः दोन जाती मिळतात. मानवेल बारीक, जाड भिंतीचा, कधीकधी जवळजवळ भरीव. मणी, पेंडंट, अंगठी यासाठी हा उत्तम. कटांग जाड आणि पोकळ. रुंद, पातळ तुकडे हवे असतील, म्हणजे मोठी गोल कानातली किंवा बांगडी, तर हा घ्या.

वय तीन वर्षांच्या पुढचं पाहिजे. कोवळा बांबू हिरवागार, तुकतुकीत असतो, पेरांवर पांढरी भुकटी असते, कोष चिकटलेला असतो. तो दिसायला छान, पण वाळताना आक्रसतो आणि सुरकुततो. पक्क्या बांबूचा रंग मळकट, अंगावर डाग, आणि कोयत्याच्या मुठीने ठोकलं तर टणटणीत आवाज येतो. गावातल्या बुरूड काकांना सोबत न्या. ते जे एका नजरेत ओळखतात ते आपल्याला शिकायला दोन वर्षं लागतात. त्यांचा सल्ला फुकट घेऊ नका, एक दिवसाची मजुरी द्या.

तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत. भुंग्याला बांबूतलं पिष्ट आवडतं, आणि थंडीत तोडलेल्या बांबूत ते कमी असतं. चैत्र-वैशाखात तोडलेला बांबू स्वस्त मिळाला तरी दागिन्यासाठी घेऊ नका.

आणि पावती घ्या. ग्रामसभेचा असो, वनविभागाच्या डेपोचा असो, कागद हातात असू द्या. शेतातल्या, म्हणजे जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला २०१७ च्या दुरुस्तीने वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळलं आहे. तरी कुठून आणला हे दाखवता आलं पाहिजे. उद्या मोठी ऑर्डर आली की पहिला प्रश्न हाच येतो.

२. प्रक्रिया: इथे कंजूषी नको

पेरं कापून, उभ्या कामट्या फाडून घ्या. आतला मऊ पांढरा भाग सुरीने तासून टाका. किडा तिथूनच सुरू करतो. मग कामट्या साध्या पाण्यात तासभर उकळा. पाणी पिवळं होईल, ते फेकून द्या.

आता द्रावण. १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३०० ग्रॅम बोरॅक्स. दोन्ही गरम पाण्यात नीट विरघळवा. कामट्या पूर्ण बुडतील असा दगड ठेवा आणि निदान दोन दिवस राहू द्या. यासाठी वेगळा ड्रम ठेवा. स्वयंपाकाचं भांडं अजिबात नको. हातात रबरी मोजे घाला, लेकरं आणि गुरंढोरं लांब ठेवा, उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. लहान बाळ तोंडात घालेल अशी वस्तू, उदाहरणार्थ खुळखुळा, या मालातून करू नका.

मग वाळवण. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, तारेवर किंवा जाळीवर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात कामट्या टाकल्या तर एका दिवसात वाळतात आणि संध्याकाळपर्यंत तडकतात. सावलीत दोन-तीन आठवडे लागतात, लागू द्या. वाळलं की नाही हे अंदाजाने ठरवू नका. एक छोटा डिजिटल काटा घ्या. पाच कामट्यांवर नंबर टाका, एक दिवसाआड वजन करून वहीत लिहा. सलग तीन वेळा वजन तेच आलं, म्हणजे बांबू तयार.

शेवटची पायरी बहुतेक जण सोडून देतात. तयार कामट्या पारदर्शक पिशवीत बंद करा, खाली काळा कागद ठेवा आणि दीड महिना बाजूला ठेवून द्या. काळ्या कागदावर पीठ दिसलं तर ती पिशवी बाद. ही शंभर टक्के खात्री नाही, पण आत बसलेला किडा बहुतेक वेळा इथेच पकडला जातो. गिऱ्हाइकाच्या डबीत पकडला जाण्यापेक्षा हे बरं.

आता कॅलेंडर बघा. तोड डिसेंबरात. प्रक्रिया आणि वाळवण जानेवारीत. पिशवीतली परीक्षा मार्चपर्यंत. कापकाम आणि पॉलिश मार्च ते मे. पावसाळ्याआधी सगळं काम संपलेलं, कारण ओल्या हवेत बुरशी येते आणि पॉलिश चिकट राहतं. राखीचा माल जूनपासून दुकानात. म्हणजे राखीची तयारी जुलैत सुरू होत नाही, ती आदल्या थंडीत होते. जुलैत पळापळ करणाऱ्यांच्या मालाला नवरात्रीपर्यंत पीठ पडतं, हे मी बघितलं आहे.

३. हातकामाच्या काही युक्त्या

जोडीतले दोन्ही तुकडे एकाच पेरातून, एकमेकांशेजारच्या कामटीतून कापा. रंग आणि रेषा जुळतात. वेगवेगळ्या बांबूतून कापले तर सहा महिन्यांनी एक पिवळा, एक तपकिरी दिसतो.

छिद्र आधी पाडा, आकार नंतर कापा. आकार कापून मग ड्रिल लावलं की कडा फाटते. १ मिमीचा ड्रिल घ्या, छिद्र कडेपासून निदान ३ मिमी आत ठेवा आणि तुकड्याच्या मागे कागदी चिकटपट्टी लावा. ड्रिल बाहेर येताना चिरफळी निघत नाही.

पॉलिश पेपर १२० नंबर, मग २२०, मग ४००. मधला नंबर गाळला तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. नेहमी रेषांच्या दिशेने घासा, आणि नाकाला मास्क लावा.

पॉलिशबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. सुतार वापरतात ते लाखेचं फ्रेंच पॉलिश दिसायला फार सुंदर, पण ते स्पिरिटमध्ये विरघळतं. बाईंनी कानामागे परफ्यूम मारला की पॉलिश चिकट झालंच. कानातल्याला आणि माळेला पाण्यात मिसळणारं पारदर्शक पीयू कोटिंग वापरा, पातळ तीन हात. एकच जाड हात दिला तर ओघळतो.

हळदीने रंगवलेलं 'नैसर्गिक रंग' म्हणून विकू नका. हळद उन्हात उडते आणि साबणाच्या पाण्याने लाल होते. रंग पाहिजेच असेल तर पक्का वापरा आणि तसं सांगा. नाहीतर बांबूचा स्वतःचा रंग काय कमी सुंदर आहे?

हुक स्वस्तातले घेऊ नका. साध्या पितळी-निकेलच्या हुकाने अनेकींच्या कानाला खाज येते, कान पिकतो. सर्जिकल स्टील किंवा चांदीचा हुक घ्या. जोडीमागे खर्च वाढेल, पण गिऱ्हाईक परत येईल. आणि जम्प रिंग उघडताना दोन पकडींनी बाजूला पिळा, एक टोक पुढे, एक मागे. तोंड फाकवून उघडली तर ती पुन्हा नीट बसत नाही, आणि कानातलं रस्त्यात पडतं.

४. जंगलातलं सगळंच दागिन्यात चालत नाही

हा मुद्दा गंभीर आहे. गुंजेचं बी, लाल आणि टोकाला काळं, माळेत फार उठून दिसतं. पण गुंज विषारी आहे. अख्खं कडक बी तसं त्रास देत नाही. पण माळेसाठी त्याला भोक पाडलं की आतलं विष उघडं पडतं, भोक पाडताना उडणारी भुकटी तुमच्याच नाकातोंडात जाते. एखाद्या लेकराने असा मणी चावला तर जिवावर बेतू शकतं. गुंजेचे दागिने करू नका, लहान मुलांसाठी तर मुळीच नाही. लाल मणी हवा तर लाकडी रंगवलेला घ्या.

दुसरं, साळिंदराचे काटे, हस्तिदंत, वाघनखं, दात, खवले यातलं काहीही नको. "जंगलात पडलेलं सापडलं" हे उत्तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे चालत नाही. ताडोबाच्या आसपास माल विकायचा असेल तर तुमच्या स्टॉलवर अशी एक जरी वस्तू दिसली तरी सगळा धंदा अडचणीत येईल.

५. मजुरी धरा, नाहीतर रोवणीला जा

आता हिशेब. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला. एका जोडीला बांबू व प्रक्रिया ४ रुपये, हुक-रिंग ८, पॉलिश-पेपर-गोंद ५, डबी-कार्ड ८. झाले २५. वेळ ३५ मिनिटं. तासाला ६० रुपये धरले तर ३५ रुपये मजुरी. एकूण ६०.

बहुतेक ताई इथेच थांबतात आणि साठ रुपयांना विकतात. "पस्तीस सुटले," म्हणतात. सुटले का खरंच? दहा जोड केले तर दोन तडकतात किंवा जुळत नाहीत. विकले जातात आठ. आठ गुणिले साठ, ४८० रुपये. साहित्य दहा जोडांचं गेलं, २५० रुपये. प्रवास, वीज, करवतीची पाती यांचे विकलेल्या जोडीमागे १५ धरा, १२० रुपये. उरले ११०. वेळ गेला ३५० मिनिटं, म्हणजे सहा तासांना दहा मिनिटं कमी. तासाला साधारण १९ रुपये पडले. त्यापेक्षा धानाच्या रोवणीला गेलेलं बरं नाही का?

काही जणी म्हणतात, "रिकाम्या वेळात करते, मजुरी कशाला धरू?" ताई, तुमचा रिकामा वेळ म्हणजे झोपेतून काढलेला वेळ आहे. आणि उद्या मोठी ऑर्डर आली, शेजारणीला कामाला बोलवावं लागलं, तर तिला काय देणार? मजुरी किमतीत नसेल तर धंदा तुमच्या दोन हातांपलीकडे कधीच वाढणार नाही.

बरोबर हिशेब असा. दहा जोडांचा खर्च ६०० भागिले आठ, म्हणजे ७५. त्यात १५ मिळवा, ९०. नफा ३० ठेवा, १२०. दुकानदार छापील किमतीच्या ४० टक्के घेत असेल, तर किंमत २०० पाहिजे. स्वतःच्या स्टॉलवरही २०० लाच विका. तिथे १२० ला दिलं तर दुकानदार तुमचा माल ठेवणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

"दोनशेला कोण घेणार?" हा प्रश्न येणारच. गावच्या बाजारात कुणी घेणार नाही, खरं आहे. तो आपला बाजारच नाही. मोहर्लीला सफारीला येणारा पर्यटक, नागपूर-पुण्यातलं प्रदर्शन, कार्यालयांच्या भेटवस्तू, राखीचा हंगाम, हा आपला बाजार. त्यांना हलकी, सपाट, बॅगेत मावणारी आणि न मोडणारी वस्तू हवी असते. बांबूचं कानातलं नेमकं तसंच आहे.

६. दया विकू नका

शेवटचं मत थोडं टोचेल. कार्डावर "गरीब आदिवासी महिलांनी बनवलेले" असं छापू नका. दयेने घेणारं गिऱ्हाईक एकदाच घेतं. कार्डावर लिहा: मानवेल बांबू, कीडरोधक प्रक्रिया, सर्जिकल स्टील हुक, पाण्यापासून जपा, सहा महिन्यांत कीड लागल्यास बदलून मिळेल. ही हमी द्यायची छाती तेव्हाच होते, जेव्हा बांबू नीट वाळवलेला असतो.

आणि वारली चित्रं काढून "गडचिरोलीची आदिवासी कला" म्हणू नका. वारली कला पालघर-डहाणूकडची. आपल्याकडे गोंड आणि माडिया लोक आहेत, त्यांची स्वतःची कला आहे. ती वापरायची तर त्याच लोकांना सोबत घेऊन, त्यांच्या नावाने. ते जमत नसेल तर आजूबाजूला बघा. सागाचं पान, मोहाचं फूल, धानाची लोंबी, वाघाचा पंजा, हे आकार आपल्या दारातले आहेत. वीस डिझाइन करू नका. तीन करा, पण ती डोळे मिटून एकसारखी करता आली पाहिजेत. दुकानदार पुन्हा मागतो ते तेच, तसंच.

कागदपत्रांचं थोडक्यात

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. हस्तकला विकास आयुक्त कार्यालयाचं कारागीर ओळखपत्र काढा, सरकारी मेळाव्यांत उपयोगी पडतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत टोपली-चटई विणणारे आहेत. घरात परंपरेने हे काम चालत असेल तर चौकशी करा. १५ हजारांपर्यंत अवजारांसाठी मदत, आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत आहे. पण कर्ज पहिल्या वर्षी घेऊ नका. पहिलं वर्ष शिकण्याचं.

तर या थंडीत एवढंच करा. पाच बांबू आणा, जास्त नको. उकळा, बुडवा, सावलीत वाळवा, वजनं वहीत लिहा, पिशवीत बंद करा. तोवर टाकाऊ तुकड्यांवर हात बसवा. मार्चमध्ये पिशव्या उघडल्यावर काळा कागद कोरा निघाला, की करवत हातात घ्या. पहिली दहा जोडं घरच्यांना आणि मैत्रिणींना घालायला द्या, घामात, पावसात. जे टिकेल तेच विका.

त्या गटातल्या ताईंना मी हे सगळं नंतर जाऊन सांगितलं. दोघी पुन्हा तयार झाल्या आहेत. या वेळी त्यांनी मलाच विचारलं, "मॅडम, वजनाची वही आणली का?" मी आणली होती. तुमचीही एक वही आजच घ्या.